पत्ता नसलेले भय : आंतरजालावरील अनामिक भयकथेचा विचार

भयकथा हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हणवून या प्रकाराची प्रतिष्ठा वाढविली. तरीही ‘रंजनप्रधान’ या एका विशेषणात समीक्षेने हा सारा प्रपंच गुंडाळून ठेवला. या उपेक्षेचा एक परिणाम असा, की गेल्या पंचवीस वर्षांत आंतरजालावर जी नवी, बहुतांशी अनामिक आणि इंग्रजीतून जगभर पसरलेली भयकथा उदयास आली, तिच्याकडे पाहण्यासाठी लागणारी परिभाषा मराठीत तयारच नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती फार नवी वाटते, साहित्याच्या अभ्यासकाला फार कच्ची वाटते, आणि समाजशास्त्रज्ञाला तिची आठवण होते ती एखादी दुर्घटना घडल्यावर. प्रस्तुत निबंधात या कथेचा विचार साहित्य म्हणून केला आहे. ही कथा वाचकाला भिवविते ती भुताच्या बळावर नव्हे, तर संदर्भ तोडून. तिच्यातील भय हे पत्ता नसलेले भय आहे, आणि तिचे सामर्थ्य व तिचा धोका या दोन्ही गोष्टी याच एका वैशिष्ट्यातून निघतात, असे येथे म्हणावयाचे आहे.

या कथाप्रकारास ‘क्रीपीपास्टा’ असे नाव पडले आहे. एकच मजकूर उचलून जागोजागी चिकटविण्याच्या ‘कॉपी-पेस्ट’ या संगणकीय क्रियेवरून आधी ‘कॉपीपास्टा’ हा शब्द रूढ झाला आणि त्याला अंगावर काटा आणणारे या अर्थाच्या शब्दाची जोड मिळून हे नाव बनले. नाव उनाड असले तरी त्यात एक मर्म आहे. येथे कथेची ओळख तिच्या विषयावरून ठरत नाही, तिच्या प्रसाराच्या रीतीवरून ठरते. ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. एखाद्या देवस्थानाच्या नावाने येणारे पोस्टकार्ड, त्यातील ‘अशीच इतकी पत्रे लिहून पाठवावीत’ ही आज्ञा, आणि आज्ञा मोडणाऱ्यावर ओढवलेल्या संकटाची हकिगत हे सारे विसाव्या शतकात महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या उंबऱ्यात येऊन पडले होते. त्या पत्राला लेखक नसे. असलाच तर शेवटचा नक्कलकार हाच त्याचा लेखक. भीत भीत मजकूर उतरविणारा शाळकरी मुलगा नकळत त्या कथेचा सहलेखक होत असे. मात्र पत्रे लिहिताना हात दुखत आणि कार्डांना पैसे पडत, त्यामुळे भीतीचा व खर्चाचा हिशेब घालूनच मनुष्य परंपरेत सहभागी होई. आंतरजालाने हा हिशेब संपविला.

या प्रकारातील सर्वांत यशस्वी संहिता कोणती, असे विचारल्यास ‘बॅकरूम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मजकुराचा निर्देश करावा लागेल. १२ मे २०१९ रोजी ‘फोरचॅन’ या संकेतस्थळाच्या गूढ व अतींद्रिय विषयांना वाहिलेल्या विभागात कोणा अनामिकाने पाहताच काहीतरी बिनसल्यासारखे वाटेल अशी छायाचित्रे मागविली आणि नमुन्यादाखल एक छायाचित्र सोबत जोडले. फिकट पिवळ्या कागदाने मढविलेल्या भिंती, पिवळट गालिचा, छतात बसविलेल्या ट्यूबलाइटच्या चौकटी, किंचित तिरका धरलेला कॅमेरा आणि कोपऱ्यापलीकडे आणखी एक तशीच खोली, एवढेच त्यात होते. माणूस नाही, सामान नाही, खिडकी नाही. त्यावर दुसऱ्या एका अनामिकाने चार-पाच ओळींचा मजकूर लिहिला. त्याचा आशय असा, की सावध न राहिल्यास, चुकीच्या ठिकाणी वास्तवातून आरपार निसटून मनुष्य या जागी येऊन पडतो. येथे जुन्या, ओलसर गालिच्याचा वास, एकाच पिवळ्या रंगाचे वेड, दिव्यांची अखंड घरघर आणि सुमारे साठ कोटी चौरस मैलांवर पसरलेल्या रिकाम्या खोल्या आहेत. आणि जवळपास कशाची चाहूल लागली, तर त्या कशाला तरी तुमचीही चाहूल लागलेली आहे असे समजावे.

या मजकुराची बांधणी पाहण्यासारखी आहे. त्यात पात्र नाही, घटना नाही, रूढ अर्थाने निवेदकही नाही. सारी रचना संकेतार्थी असून संबोधन द्वितीयपुरुषी आहे. सार्वजनिक ठिकाणी लावलेल्या सूचनाफलकाची ही भाषा होय. भयकथेत जे प्राणी वा पिशाच मध्यवर्ती असावयाचे, त्याला येथे शेवटच्या वाक्यातील एका उपवाक्यापुरती जागा मिळते. मजकुरातील सर्वांत भयकारी शब्द कदाचित तो आकडा असावा. साठ कोटी चौरस मैल हे मोजले कोणी? मोजण्यासाठी कोणी तेथे गेले असेल, तर ते परत आले असले पाहिजे. पण मजकुरात परतीची वाट कोठेच नाही. संपूर्ण संहितेत मनुष्याच्या अस्तित्वाची हीच एक खूण, आणि तीही विसंगत.

निसटण्यासाठी मूळ मजकुरात जो ‘नोक्लिप’ हा शब्द आला आहे, तो संगणकीय खेळांतला आहे. खेळ तयार करणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेल्या या अवस्थेत खेळातील आकृती भिंतीतून आरपार जाऊ शकते. या एका शब्दाने वास्तव म्हणजे कोणी तरी रचलेला, चुका शिल्लक राहिलेला आराखडा ठरतो. पारंपरिक मराठी भूतकथेत मनुष्याला बाधा होते तिला कारण असते. अतृप्त वासना, मोडलेला नवस, तिन्हीसांजेला ओलांडलेली शीव, नको त्या झाडाखाली घेतलेली विश्रांती यांपैकी काही तरी घडलेले असते. येथे अपराध नाही, म्हणून प्रायश्चित्तही नाही. केवळ तांत्रिक चूक आहे, आणि तिच्यासाठी कोणाकडे दाद मागावी याची व्यवस्था नाही.

ही तुलना अधिक नेमकी करावयाची, तर ‘चकवा’ या लोककल्पनेकडे वळावे लागते. रात्री आपल्याच शिवारातून घरी निघालेला मनुष्य ओळखीच्या बांधावरून चालू लागतो, कितीही चालला तरी त्याच बाभळीपाशी येतो आणि तांबडे फुटल्यावर त्याला कळते, की रात्रभर आपण दोन-तीन शेतांतच फिरत होतो. बॅकरूम्समधील अनुभवाशी याचे साम्य उघड आहे. दोन्हींत भय आहे ते जागेचे. जागेतील कोणाचे नव्हे. परंतु चकवा लागतो तो ठरावीक वळणावर. त्या वळणाला नाव असते, तेथे पूर्वी कोणाकोणाला चकवा लागला याची गावात नोंद असते, आणि मुख्य म्हणजे उजाडले की चकवा सुटतो. सांगणारा ती गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर बसून सांगत असतो, यातच तिचा शेवट आश्वासक असल्याची हमी आहे. बॅकरूम्समध्ये सकाळ होत नाही. तेथे खिडकी नाही, हा तपशील त्या दृष्टीने केवळ वर्णनाचा भाग राहत नाही.

लोकपरंपरेने भयाला पत्ता दिला, हे दक्षिण कोकणात अधिकच ठळकपणे दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील वेतोबा हा मूळचा वेताळ, म्हणजे भुतांचा अधिपती. पण गावाने त्याला देऊळ दिले, रात्री गावाची राखण करण्याचे काम दिले, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहण्याची प्रथा पाडली. त्याला केळ्यांचे घड अर्पण होतात. जो सर्वांत भयंकर, त्यालाच गावाने गस्तीवर ठेवले. ही केवळ श्रद्धेची गोष्ट नाही. भयाचे व्यवस्थापन करण्याची ती एक विलक्षण कल्पक रीत आहे. भय निवासी झाले की त्याच्याशी बोलता येते, त्याला काही देता येते, प्रसंगी त्याच्यावर रुसताही येते.

मार्क ओझे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली विमानतळ, महामार्ग, मोठाली दुकाने यांसारख्या, इतिहास व नातेसंबंध यांपासून तुटलेल्या जागांसाठी ‘अ-स्थान’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. बॅकरूम्समधील खोली अशा अ-स्थानांचा अर्क म्हणावी लागेल. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रिकामी जागा ही आपोआप भयप्रद नसते. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर ज्या शेडी ओस पडल्या, त्यांच्याविषयी मराठी कवितेत व नाटकात पुष्कळ आले. पण त्यात भय क्वचितच आहे, शोक व संताप आहेत. कारण त्या कोणी, कधी व कशासाठी रिकाम्या केल्या हे ठाऊक आहे. ज्या रिकामेपणाचा हिशेब लागतो तो दुःख देतो, आणि ज्याचा लागत नाही तो भिववितो. पिवळ्या खोलीचे छायाचित्र पाच वर्षे सारे जग न्याहाळत होते आणि ती खोली कोठली हे कोणालाही सांगता येत नव्हते, ही परिस्थिती त्या कथेच्या परिणामाचा अविभाज्य भाग होती.

हाच संदर्भच्छेद निवेदनतंत्राच्या पातळीवर कसा साधला जातो, ते क्रिस स्ट्राउब या अमेरिकन व्यंगचित्रकथाकाराच्या ‘कँडल कोव्ह’ (२००९) या छोट्या कथेत पाहता येते. या कथेत निवेदक नाही. दूरचित्रवाणीच्या जुन्या कार्यक्रमांविषयी गप्पा मारणाऱ्या काही व्यक्तींनी एकमेकांना उद्देशून लिहिलेल्या नोंदी तेवढ्या आहेत. एकाला सत्तरच्या दशकाच्या आरंभीची, समुद्री चाच्यांच्या बाहुल्यांची एक बालमालिका अंधुकशी आठवते. दुसरा दुजोरा देतो, तिसरा एका खलपात्राचे नाव पुरवितो, कोणाला तरी केवळ किंकाळ्यांनी भरलेला एक भाग आठवतो. आठवण अशी वर्गणी गोळा व्हावी तशी जमत जाते. शेवटच्या नोंदीत एक जण सांगतो, की वृद्धाश्रमातील आईला त्याने या मालिकेविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, तू तर लहानपणी अर्धा तास नुसत्या मुंग्या आलेल्या पडद्याकडे पाहत बसायचास.

त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक व अतिनैसर्गिक अशा दोन स्पष्टीकरणांमधील दोलायमान अवस्थेला महत्त्व दिले. धारपांच्या वा मतकरींच्या वाचकाची ही दोलायमानता पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आत चालते. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, आत किंमत असते, आणि दिवा मालवण्यापूर्वी पुस्तक मिटता येते. ‘कँडल कोव्ह’ जेव्हा मूळ संकेतस्थळावरून उचलली गेली आणि लेखकाच्या नावावाचून फिरू लागली, तेव्हा वाचकाची साशंकता घटनेविषयी उरली नाही, संहितेच्या दर्जाविषयी निर्माण झाली. हे भूत खरे की खोटे, याऐवजी हा मजकूर म्हणजे गोष्ट आहे की कोणाची साक्ष, हा प्रश्न पुढे आला. अनेकांनी त्या अस्तित्वात नसलेल्या मालिकेच्या बनावट चित्रफिती तयार केल्या, म्हणजे कथेतील व्यक्तींनी जे केले तेच वाचकांनी कथेबाहेर केले. २०१६ मध्ये या कथेवर ‘चॅनेल झीरो’ या दूरचित्रवाणी मालिकेचे पहिले पर्व बेतले गेले. त्यात दातांचे बनलेले एक बालक पडद्यावर येते. निर्मिती कसबी आहे, यात शंका नाही. तथापि मूळ कथेत पडद्यावर काहीच नव्हते हे विसरून पडद्यावर काही तरी दाखविण्याचा अट्टाहास तिला बाधला आहे.

‘टेड द केव्हर’ ही २००१ मधील दैनंदिनी या परंपरेच्या आरंभी येते. एका गुहेतील अरुंद भोक रुंद करीत आत जाऊ पाहणाऱ्याच्या या नोंदी पुन्हा गुहेत उतरण्याच्या निश्चयापाशी थांबतात, आणि त्यानंतर ते पान कधी अद्ययावत झाले नाही. छापील पुस्तकात अपूर्णता ही युक्ती वाटते. येथे ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिलेल्या पानाची वस्तुस्थिती आहे. तिच्या गद्यात अन्यथा विशेष काही नाही.

या साहित्याची एक मर्यादा येथेच नोंदविली पाहिजे. समूहाच्या हाती पडलेली संहिता वाढत जाते, आणि बहुधा वाढून बिघडते. बॅकरूम्सच्या एका खोलीचे पुढे शेकडो क्रमांकित ‘स्तर’ झाले. प्रत्येक स्तराचे तापमान, तेथील प्राण्यांच्या जाती, बचावाचे उपाय यांच्या याद्या तयार झाल्या. अज्ञाताची जागा कोष्टकाने घेतली. केन पार्सन्स या किशोरवयीन कलावंताने जानेवारी २०२२ मध्ये प्रसृत केलेला सुमारे नऊ मिनिटांचा लघुपट या पसाऱ्यात वेगळा उठून दिसतो, कारण त्यात कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास आणि पावलांचा आवाज यांवरच भिस्त ठेवली आहे. परंतु त्याच्याही पुढील भागांत संशोधनसंस्था, प्रयोग आणि कारणपरंपरा अवतरतात. वर्गीकरणाची ही हौस कोठून येते? भयाला पत्ता मिळवून देण्याची, म्हणजे आरवलीकरांनी जे केले तेच करण्याची ती एक धडपड असावी, असा तर्क करता येतो. फरक एवढाच, की कोष्टकाला केळ्यांचा घड अर्पण करता येत नाही.

ही धडपड किती टोकाला जाऊ शकते, हे ‘स्लेंडर मॅन’च्या प्रकरणात दिसले. १० जून २००९ रोजी ‘समथिंग ऑफुल’ या संकेतस्थळावरील बनावट अतिमानवी छायाचित्रे तयार करण्याच्या एका खेळात एरिक नुडसेन याने ‘व्हिक्टर सर्ज’ या टोपणनावाने दोन कृष्णधवल छायाचित्रे सादर केली. मुलांच्या घोळक्यामागे उभी असलेली उंच, काळ्या कपड्यांतील, चेहरा नसलेली आकृती आणि खाली जुन्या कागदपत्रांतून घेतल्यासारख्या भासणाऱ्या ओळी, एवढीच ती निर्मिती होती. सहभागी सर्वांना ती बनावट असल्याचे ठाऊक होते. जेफ्री टॉलबर्ट या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने दाखविल्याप्रमाणे, येथे आख्यायिकेचा नेहमीचा क्रम उलटा झाला. एरवी आधी समजूत असते आणि लोक तिच्या अनुरोधाने वागतात वा पुरावे दाखवितात. येथे आधी पुरावे घडविले गेले आणि त्यांना शोभेल अशी समजूत मागाहून उभी राहिली. त्याच महिन्यात ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही चित्रफीतमालिका सुरू झाली, २०१२ मध्ये संगणकीय खेळ आला. मूळ खेळाचा संदर्भ गळून पडला आणि नव्या वाचकांपर्यंत पोहोचला तो चेहरा नसलेला पुरुष, त्याच्या जुनाट पुराव्यांसह.

३१ मे २०१४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा या गावी बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला रानात नेऊन तिच्यावर चाकूचे एकोणीस वार केले. जखमी मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली आणि वाचली. असे केल्याने आपण स्लेंडर मॅनच्या सेवेत दाखल होऊ, अशी त्या दोघींची समजूत असल्याचे तपासात पुढे आले. २०१७-१८ मध्ये न्यायालयाने मानसिक आजाराचे कारण मान्य करून दोघींना तुरुंगाऐवजी दीर्घ काळासाठी मनोरुग्णालयाच्या स्वाधीन केले. कथेने गुन्हा घडविला, हे सोपे विधान म्हणूनच टिकत नाही. ती कथा वाचलेल्या असंख्य मुलांपैकी इतरांनी तसे काही केले नाही, हेही खरेच. पण साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा एक तपशील या प्रकरणात आहे. त्या मुली हल्ल्यानंतर पायी उत्तरेकडे निघाल्या होत्या. राज्याच्या उत्तर भागातील निकोलेट राष्ट्रीय वनात स्लेंडर मॅनचा वाडा आहे, तेथे त्यांना पोहोचावयाचे होते. मूळ छायाचित्रांत असा वाडा नव्हता. ज्या भयाला घर नव्हते त्याला आपल्याच राज्यात, चालत जाता येईल असे वाटणाऱ्या अंतरावर, घर मिळाले होते. गावाने सामूहिकपणे, पिढ्यानुपिढ्या आणि हसत-खेळत करावयाचे काम दोन आजारी मुलींनी एकट्याने केले. त्या पत्त्याची उलटतपासणी करणारे कोणी वडीलधारे मंडळ त्या कथेभोवती नव्हते.

यावरून लोकपरंपरेतील भय निरुपद्रवी होते, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे होईल. पत्ता मिळालेले भय देवळात जाऊन बसते, तसे ते एखाद्या जिवंत बाईच्या दारातही जाऊन बसते. चेटकीण ठरविल्या गेलेल्या स्त्रियांना गावानेच, सामूहिकपणे, मारहाण केल्याची व गावाबाहेर हाकलल्याची उदाहरणे महाराष्ट्रात व अन्य राज्यांत नोंदलेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याची गरज अशाच पत्त्यांमुळे निर्माण झाली होती. पारावरची गोष्ट आश्वासक असते ती सांगणाऱ्याच्या बाजूने. जिच्याविषयी ती सांगितली जाते तिच्या बाजूने ती नेहमीच तशी नसते. स्लेंडर मॅनला चेहरा नाही, त्यामुळे तो कोणाच्या शेजारणीसारखा दिसत नाही, एवढे श्रेय या नव्या कथेला दिले पाहिजे.

तरीही संदर्भ तोडण्याची किंमत कोणी तरी मोजतेच. जपानी शिल्पकार केइसुके आइसो यांनी २०१६ साली टोकियोतील एका कलादालनात पक्ष्याचे पाय व विस्फारलेले डोळे असलेली एक स्त्रीमूर्ती मांडली होती. बाळंतपणात मृत्यू पावलेल्या स्त्रीचे ‘उबुमे’ हे पिशाच जपानी लोककथांत प्रसिद्ध आहे, त्यावर ती आधारलेली होती. मराठी वाचकाला येथे अळवंतीण आठवेल, आणि अळवंतिणीच्या मुळाशी असलेली प्रसूतिकालीन मृत्यूची भीतीही आठवेल. २०१८ मध्ये या मूर्तीचे छायाचित्र मूळ संदर्भापासून तोडून ‘मोमो’ या नावाने पसरले. ती मुलांना आत्मघातास प्रवृत्त करते, अशा इशाऱ्यांनी २०१९ च्या आरंभी अनेक देशांतील शाळा व पालक हवालदिल झाले, परंतु त्या इशाऱ्यांना ठोस आधार मिळाला नाही. मूर्ती तोवर कुजून गेल्याने टाकून दिल्याचे शिल्पकाराने सांगितले. अपत्यासाठी तळमळणाऱ्या मृत मातेची प्रतिमा मुलांना मारणाऱ्या राक्षसिणीची झाली, आणि या अर्थविपर्यासाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. भारतात २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ या कथित खेळाविषयी असेच झाले. केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये मोठ्या संकेतस्थळांना दुवे काढून टाकण्यास कळविले, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले, की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. मुलांच्या मृत्यूंची खरी कारणे शोधण्याचे कष्ट एका सोयीस्कर भुताने वाचविले होते.

‘एससीपी-१७३’ ही २००७ मधील अनामिक संहिता याच्या उलट दिशेने गेली, म्हणून तिचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पापणी लवताच जागा सोडून माणसाची मान मोडणाऱ्या एका पुतळ्याविषयी, कोरड्या सरकारी टिपणाच्या भाषेत लिहिलेला हा मजकूर एका छायाचित्रावरून सुचलेला होता. छायाचित्रातील शिल्प इझुमी कातो या जपानी कलावंताचे २००४ मधील ‘शीर्षकहीन’ शिल्प असल्याचे पुढे ज्ञात झाले. आपल्या कलाकृतीचा असा वापर कलावंताला रुचणारा नव्हता. त्यांनी नाइलाजाने तो चालू दिला, पण व्यापारी वापराला मुभा दिली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या समूहाने आपणहून छायाचित्र काढून टाकले. चित्रावाचून हा मजकूर निष्प्रभ होईल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात तो आता वाचताना अधिक बांधेसूद वाटतो. पुतळा कसा दिसतो हे टिपणात जवळजवळ सांगितलेलेच नाही, ही गोष्ट चित्र असेतोवर ध्यानात येत नव्हती.

पिवळ्या खोलीचा पत्ता मे २०२४ मध्ये सापडला. जुन्या संकेतस्थळांच्या संग्रहांतून चिकाटीने शोध घेणाऱ्यांना ते छायाचित्र मिळाले ते विस्कॉन्सिन राज्यातीलच ऑशकॉश या गावातील एका दुकानाच्या २००३ मधील पानावर. वॉकेशापासून हे गाव फार लांब नाही, पण या योगायोगातून काही अर्थ काढण्याचे कारण नाही. पूर्वी तेथे लाकडी सामानाचे दुकान होते. छंदोपयोगी वस्तू विकणाऱ्या नव्या मालकांनी २००२ मध्ये नूतनीकरण सुरू असताना कामाची नोंद म्हणून ते छायाचित्र घेतले होते. ज्या मजल्यावर जग पाच वर्षे घाबरून पाहत होते, तेथे पुढे दूरनियंत्रणावर चालणाऱ्या खेळण्यांतील मोटारींची धावपट्टी झाली. शोध लागल्यावर काही वाचक हळहळले, काहींनी त्या दुकानाला भेटी दिल्या. साठ कोटी चौरस मैलांचा तो मूळ मजकूर मात्र या पत्त्याची नोंद न घेता पूर्वीप्रमाणेच नकलला जात आहे, आणि अलीकडच्या कित्येक नकलांत ते छायाचित्र जोडलेलेही नसते.